काकूंना उतरता येईल अशी जागा

न्यू जर्सीतल्या आमच्या शेजारच्या काकांना हिवाळ्यापुरती बोट दक्षिणेला ठेवायची होती. काकूंनी मात्र बजावलं होतं, "उडी मारून उतरावं लागलं तर मी येणार नाही. सरळ विकून टाका ती बोट!"

म्हणून काका बोट घेऊनच मरीना, बोटी भाड्याने बांधून ठेवायचा धक्का, शोधायला निघाले. मी सोबतीला, म्हणजे मुख्यतः उलट्या करायला.

भाडं, वीज, वादळातली सोय विचारायला ते मला पाठवायचे. स्वतः पँटवरूनच काकूंची जुनी साडी नेसून बोटीतून धक्क्यावर उतरून बघायचे आणि म्हणायचे, "हं, पुढे बघू." लोक जमले की मी ओळख नसल्यासारखा पाण्याकडे बघायचो.

जॉर्जियात धक्का तरंगता निघाला, भरती-ओहोटीला बोटीबरोबरच वरखाली होणारा. काका सहज उतरले आणि साडीतच फोन लावला.

"अगं, ये तू. निऱ्यासुद्धा सुटल्या नाहीत!"