निर्व्यसनी गुलाबराव

पंगतीत कोणी 'पुरे' म्हणून पानावर हात आडवा धरला, की गुलाबराव त्या हातावरच जिलेबी ठेवत. वर विचारत, "आता हातावरची तर खासान?" सौंसरमध्ये लग्न कोणाचंही असो, गोड वाढायला हेच. शेवटी ते स्वतः बसले की बाकीचे सूड उगवत, आणि गुलाबराव कशालाच नाही म्हणत नसत. "अन्नाले नाही म्हणू नये," हे त्यांचं धर्मशास्त्र. ते पोटावर स्पष्ट दिसत होतं.

चौकात त्यांचं कापडाचं दुकान होतं. सकाळी गादीवर बसले की दिवेलागणीलाच उठायचे. दुकानाच्या वर माझं बिऱ्हाड. मी कॉलेजात ग्रंथपाल. त्यांना दारू नाही, तंबाखू नाही, सुपारीसुद्धा नाही. नशामुक्तीच्या प्रत्येक कार्यक्रमात त्यांना स्टेजवर बसवून शाल पांघरवत. घरी येऊन ते म्हणत, "मी काही केलं नाही बाप्पा, त्याचीच शाल देऊन राहिले हे."

शुगर मात्र होती. गोळी घेऊन जिलेबी खात. मी टोकलं तर म्हणाले, "गोळीलेही काही काम पाहिजे ना जी."

मग त्यांचं वजन उतरू लागलं, उजव्या बरगडीखाली दुखू लागलं. नागपूरला मी सोबत होतो. लिव्हरचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी दारूबद्दल विचारलं, थोड्या वेळाने शब्द बदलून पुन्हा विचारलं. काविळीच्या विषाणूंच्या तपासण्याही केल्या; त्यांत काही सापडलं नाही. मग समजावून सांगितलं: लिव्हरवर वर्षानुवर्षं चरबी साचते, शुगर आणि पोट तिला हातभार लावतात, लिव्हर कडक होत जातं, आणि त्यातूनही हा रोग होतो. पूर्वी असे रुग्ण क्वचित येत, आता वाढले आहेत.

बाहेर आल्यावर गुलाबराव म्हणाले, "बाटलीले हात लावला नाही, पण ताटाले कधी सोडलं नाही."

गावाला लिव्हर म्हटलं की एकच कारण ठाऊक. "लपून पीत असन," अशी कुजबुज सुरू झाली. नशामुक्तीवाल्यांनी त्या वर्षीची शाल दुसऱ्याला दिली. नेमकी तेव्हाच त्यांच्या लेकीची, शुभांगीची सोयरीक पांढुर्ण्याला जुळत होती. मुलाचे वडील रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांचा भाऊ दारूनं गेला होता, म्हणून पिणाऱ्याच्या घरची मुलगी नको, असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

"भाऊजी, कावीळ झाली म्हणू," मेहुणा परसराम म्हणाला. "लग्न होऊ द्या, मंग पाहू." गुलाबरावांच्या पत्नी लीलावहिनींनाही तेच हवं होतं.

पाहुणे म्हणून मुलाचे वडील आले, चहा झाला. परसरामनं काविळीचं सुरू करताच गुलाबरावांनी त्याला थांबवलं.

"कावीळ नाही जी. लिव्हरचा कॅन्सर आहे. दारू कधी पेलो नाही. पटलं तं पटलं. गोड खाऊन, बसून बसून, शुगरकडे पाठ करून ओढवून घेतला मी हा. नाही म्हणायचं असन तं आता म्हणा. खोटं सांगून माही लेक तुमच्या घरी येणार नाही."

पुस्तकांत मी शूर माणसं पुष्कळ वाचली होती. समोर बसलेला पहिल्यांदाच पाहत होतो, तोही सैल झालेल्या सदऱ्यात.

पाहुण्यांनी रिकामा कप बशीत ठेवला. मग म्हणाले, "शुगर मलेही आहे. लिव्हर कधी दाखवलं नाही."

"मंग चला," गुलाबराव म्हणाले. "गुरुवारी मी नागपूरले जाऊनच राहिलो."

गुरुवारी पाहुणे पांढुर्ण्याहून रेल्वेनं आले, आम्ही सौंसरहून बसनं. सोयरिकीचा शब्द कोणी काढला नाही. पाहुण्यांच्याही लिव्हरवर चरबी निघाली. पथ्यानं सावरेल अशी. दवाखान्याच्या पायरीवर रिपोर्ट घडी करत ते म्हणाले, "मंग पोरीले कधी आणू घरी?"

लग्नानंतर काही महिन्यांत गुलाबराव गेले. अंत्ययात्रेत माझ्यामागे दोघं हळू आवाजात बोलत होते, "काही म्हणा, पीत तं असनच." व्याही माझ्या शेजारून चालत होते. ते वळून शांतपणे म्हणाले, "मी त्यांच्या बाजूच्या खुर्चीवर बसून लिव्हर तपासून आलो. तुम्हीही एकदा जाऊन या."