आंब्रे सरांना पाठवलेलं पत्र

सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी गुहागरला माझ्या इंग्रजीच्या क्लासात होतो. फोन ठेवला आणि तास पुरा केला. 

शाळेत मला इंग्रजी आंब्रे सरांनीच शिकवलं. निवृत्त झाल्यावर ते हेदवीहून एसटीने माझ्या क्लासात शिकवायला येऊ लागले. 'नळाला पाणी आलं नाही', एवढं एकच वाक्य घ्यायचे. आधी ते शेजाऱ्याला सांगा, मग कार्यालयाला पत्राने कळवा, मग कॉलेजच्या निबंधात त्याची कारणं मांडा. तिन्हीकडे इंग्रजी वेगळं. एखादी मुलगी शेजाऱ्याशी पत्रासारखं बोलली की म्हणायचे, "अगो, तो शेजारी आहे, तहसीलदार नव्हे. उद्या चार मिरच्या देणार नाही हो तुला!" वर्ग हसायचा. निबंधात गप्पांचं इंग्रजी आलं तर पान परत. समोर कोण आहे ते आधी बघा, शब्द मागाहून, असं ते सांगत.

पालकांना मात्र घाई होती. "दोन महिन्यांत पोरगी फडाफडा बोलायला हवी. निबंध कशाला?" मुलं दुसऱ्या क्लासकडे जाऊ लागली तसा मी घाबरलो. सरांना थांबवायचं ठरवलं, पण समोर बसून बोलायची हिंमत झाली नाही. क्लासच्या लेटरहेडवर इंग्रजीत पत्र टाइप केलं. पुढील महिन्यापासून आपल्या सेवेची आवश्यकता नाही, सहकार्याबद्दल आभार. खाली सही. पोस्टाने पाठवून दिलं.

काही महिन्यांनी ते बाजारात भेटले. मी नजर चुकवत होतो. तेच जवळ आले. "पत्र चोख लिहिलंस हो. एक चूक सापडली नाही." मग पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाले, "पण हेदवीला एसटी येते रे." मी कसनुसा हसलो. येतो म्हणालो. दोन वर्षं गेलो नाही.

गेलो तो थेट बाराव्याला. काकूंनी, सरांच्या पत्नीने, पेन्शनच्या कागदांच्या पिशवीतून ते पत्र काढलं. काकूंना इंग्रजी येत नाही. "'सर, फार दमलात, आता आराम करा', असं लिहिलंयस ना? ह्यांनी वाचून दाखवलंन मला. दोनदा. आज तुझ्या तोंडून ऐकते, वाच."

कागद हातात घेतला... आणि सरांनी रचलेलंच पत्र मी वाचलं. थांबत, शब्द जुळवत, मराठीत. काकूंनी डोळ्यांना पदर लावला. "किती मायेनं लिहिलंस रे," म्हणाल्या, आणि कागद घडी करून पुन्हा त्याच पिशवीत ठेवला.

तो अजून तिथेच आहे. काकू पेपरची ही पुरवणी दर रविवारी पहिल्या पानापासून वाचतात, म्हणून इथे लिहितो आहे. समोर बसून सांगणं मला याही वेळी जमलं नाही. काकू, त्या पत्रात मायेचा एकही शब्द नव्हता. तुम्ही ऐकलेत ते सगळे सरांचे होते.