मापाचं लेकरू

माह्यं लेकरू मापाचं होतं. म्हणजे असं की कोराडीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत आम्ही बाया दुपारचं जमून नागपूरच्या अनाथाश्रमातल्या लेकराइसाठी स्वेटर विणत होतो, अन् तेवढं लहान लेकरू आमच्यात एकट्या माह्यापाशी. म्हणून जिची पाठ विणून झाली ती यायची अन् माह्या पोट्ट्याच्या पाठीले लावून पाहायची. कोणी बाही लावे, कोणी टोपी घाले. ते दूध पिऊन राहिलं असलं तरी ओढत त्याले. शेजारच्या वहिनी हासत, "अवं, दर्जीच्या दुकानातला पुतळा जन्माले घातला तुनं!"

लोकर सारी पिवळीच. पांढरं आमच्याकडे दोरीवर वाळेपर्यंतच चिमणीच्या राखेनं काळं होते, म्हणून मोठ्या साहेबाच्या बाईनं एकाच दुकानातून एकदमच पिवळी आणली होती. मले सुलटा-उलटा तेवढाच यायचा, शाळा सातवीतच सुटली, पण हात भराभर चाले. अन् मापाचं लेकरू माह्यं, तर मले आपलं बरं वाटे.

द्यायले जायच्या दिवशी साहेबाची बाई म्हणाली, "अगं, ज्याच्या मापावर सगळं विणलं, त्यालाही घाल एक. किती गोड दिसेल." घातला. टोपी घातली. बसनं गेलो.

तिथी आयाबायांनी आमच्यासमोरच साऱ्या लेकराइले स्वेटर चढवले अन् व्हरांड्यात सतरंजीवर उन्हात निजवलं. माह्यंही खांद्यावर झोपून गेलं होतं. वहिनी म्हणाल्या, "ठेव वं इथीच, ऊन खाऊ दे त्याले. चहा तर पी धड." मी कडेले ठेवलं. चहा प्यायले आत गेली, बशीत ओतून प्यायली, इतकाच वेळ. बाहेर आली तर सतरंजीवर कोणीच नाही.

वारा सुटला म्हणून आयानं सारे उचलून आत नेले होते.

मी पळाली. खोलीत पाळण्याले पाळणा लागलेला अन् जिकडे पाहा तिकडे पिवळं. पिवळे स्वेटर, पिवळ्या टोप्या, सारे माह्याच पोट्ट्याच्या मापाचे. दारापाशीच्याच पाळण्यात एक पालथं पडलं होतं. तीच मान, तीच पाठ. मी उचललं, छातीशी धरलं, "माह्या राजा" म्हटलं, अन् त्यानं तोंड वर केलं.

माह्यं नव्हतं.

बापा! मी मायच ना त्याची? मग मले कसं नाही समजलं? मी दुसऱ्या पाळण्याकडे गेली, तिसऱ्याकडे गेली, तोंडं पाहे तर सारे सारखेच दिसत, डोळ्यापुढं पाणीच पाणी. मग मी स्वेटर वर करून कमरा पाहाले लागली. आया धावत आली.

"काय करून राहिली वं बाई? काहून उघडं करते लेकराइले थंडीत?"

"माह्यं लेकरू हाये यात!"

"यात? हे सारे आमचेच हायेत."

"नाही वं माय, माह्यं हाये! त्याच्या कमरेले काळा करदोडा हाये, माह्या हातानं बांधला मी."

तिनं उघड्या लेकराचा स्वेटर खाली ओढला. मग म्हणाली, "करदोडा तर साऱ्याइलेच हाये. मीच बांधतो. कोणीतरी बांधायलेच पाहिजे का नाही?"

मले वाटलं, गेलं. आता हे मले देत नाहीत. कागद नाही, काही नाही, मी कसं सांगू कोणतं माह्यं? मी बोंबलायले लागली, तशा वहिनी मागच्या खोलीतून ओरडल्या, "अवं, इथी हाये वं! ये इकडे!"

मागं एक म्हातारी आया पाटावर बसली होती अन् माह्यं पोट्टं तिच्या मांडीवर बाटलीनं दूध पिऊन राहिलं होतं. घरी बाटली पाहिली की तोंड फिरवणारं ते! जागं होऊन रडलं म्हणे, म्हणून तिनं आपल्यातलंच समजून घेतलं. त्यानं माह्याकडे पाहिलं, अन् चोखतच राहिलं. रडलं नाही, हात नाही केला, काही नाही.

"सापडलं ना? आता काहून रडते?" वहिनी म्हणाल्या. "अन् हे कोणाचं घेऊन फिरून राहिली?"

मी खाली पाहिलं. ते पहिलं लेकरू माह्या डाव्या हातावरच होतं. इतक्या वेळ मी त्याले कुठी ठेवलंच नव्हतं. माह्या दुधानं त्याची टोपी भिजली होती अन् पोलक्यावर तोंड घासून राहिलं होतं ते.

आयानं हात पुढं केले. त्याच्या मुठीत माह्या पदराचं टोक होतं. मी एक बोट सोडवलं, दुसरं सोडवाले गेली तर पहिलं पुन्हा मिटलं. साहेबाची बाई दारातून म्हणत होती, चला लवकर, बस जाईल. माह्यं पोट्टं म्हातारीच्या मांडीवरून टुकूटुकू पाहून राहिलं होतं. आया म्हणाली, "ओढ ना बाई. त्याले सवय हाये."

मी ओढलं.