तार मुरू दे

एका मंगळवारी काकांनी स्पीकरच्या तारा काढल्या, गुंडाळल्या आणि माझ्या हातात दिल्या. त्यानंतर त्यांच्या घरात गाणं वाजलं नाही.

मुलुंडच्या आमच्या इमारतीत त्यांना सगळे तारकाका म्हणत. अंधेरीच्या एका स्टुडिओत त्यांनी जन्मभर केबल जोडल्या, आणि निवृत्त झाल्यावरही ते घरी तारा बनवत बसत. नव्या तारेविषयी पहिल्याच दिवशी कुणी मत दिलेलं त्यांना खपत नसे. ती चाळीस दिवस वाजत ठेवायची, भिंतीवरच्या कॅलेंडरात रोज एक खूण करायची आणि मग बोलायचं. "लोणचं घातल्या दिवशी चाखतोस का रे? तार मुरू दे."

मी कॉलेजात ग्रंथपाल. म्हणायचो, "काका, तांबं आहे ते. तांबं कसलं मुरतंय?"

"तू वाचतोस खूप. ऐकत नाहीस."

माणसांनाही त्यांचा हाच नियम. वरच्या मजल्यावर नवे भाडेकरू आले, दिवसभर आदळआपट. इमारत चिडली. काका म्हणाले, "चाळीस दिवस होऊ देत, मग भांडू." एकेचाळिसाव्या दिवशी ते खरंच भांडायला गेले आणि चहा पिऊन आले.

काकू इमारतीतल्या भजनी मंडळात गात, टाळही त्याच वाजवत. त्यांची एकच कॅसेट काकांनी भरून ठेवली होती. काकू गेल्यावर तारेची परीक्षा त्याच कॅसेटवर व्हायची. मी रविवारी सकाळी जायचो; आम्ही दोघं मिळून ऐकायचो.

अशाच एका रविवारी ते म्हणाले, "टाळ दबलेत. नवी तार आहे, मुरेल."

मला टाळ स्वच्छ ऐकू येत होते. मी म्हणालो, "हो, जरा दबलेत."

चाळीस दिवसांनीही टाळ आले नाहीत. काकांनी दुसरी तार बनवली, मग तिसरी. दर वेळी ते माझ्याकडे बघत आणि मी मान डोलवायचो. मला वाटायचं, ज्या कानांवर या माणसाचं आयुष्य उभं आहे, ते गेले हे माझ्या तोंडून कशाला? असं दीड वर्ष चाललं.

त्या मंगळवारी मला सुट्टी होती. कॅसेट चालू असताना गॅसवाला आला. सिलिंडर दारात टेकवून म्हणाला, "काय काका, आज भजन? टाळ लई खणखणीत वाजतायत."

तो गेल्यावर काकांनी विचारलं, "तुला कधीपासून ऐकू येतात?"

"पहिल्यापासून."

"मग मी दीड वर्ष तारा बदलत बसलो, ते तू बघत होतास?" स्पीकरच्या तारा काढता काढता म्हणाले, "सांगायचं होतंस रे. कान दाखवले असते. तिचा आवाज थोडा तरी हाती लागला असता."

मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. आधी आला असतात तर बरं झालं असतं, एवढंच डॉक्टर म्हणाले. मग श्रवणयंत्र आलं. काकांनी ते लावलं आणि लगेच काढलं. "पत्र्याच्या डब्यातून बोलतोयस तू."

"चाळीस दिवस द्या त्याला," मी म्हणालो.

ते बऱ्याच दिवसांनी हसले. "आता तू शिकवणार मला?" पण उठून त्यांनी कॅलेंडरात पहिली खूण केली. कॅसेट मात्र लावू दिली नाही. "यंत्र मुरू दे. मग तिला ऐकू. कच्च्या कानांनी नको."

एकोणिसाव्या खुणेनंतर काका गेले. झोपेतच गेले. यंत्र उशाशी डबीत होतं.

त्यांच्या मुलीने घर रिकामं करताना कॅसेट आणि टेपरेकॉर्डर मला दिला. स्पीकरही दिले. त्यांच्या तारा माझ्याकडे होत्याच, त्याच जोडल्या. त्या मुरल्या आहेत की नाही, मला अजूनही कळत नाही. टाळ ऐकू येतात.