मिकलातमधला दहावा

ओल्सनला यहुदी मी केलं. अर्ध्या मिनिटात, त्याला न विचारता, एक मळकी टोपी वापरून.

ही करामत दोन हजार आठ सालची, अश्केलोनमधली. आमच्या वस्तीचं सिनेगॉग म्हणजे सरकारी मिकलात. मिकलात म्हणजे रॉकेट आलं की जीव घेऊन पळायचं ते तळघर. एरवी रिकामं पडलेलं असतं, म्हणून आम्ही कोकणातून आलेल्या यहुद्यांनी त्यात तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, आणून ठेवली, बायकांसाठी पडदा लावला, चार पंखे टांगले. मी तिथला गब्बाई, म्हणजे कारभारी. दिवे लावणं, पंखे पुसणं ही वरची कामं. खरं काम माणसं गोळा करण्याचं. आमच्यात कद्दिश, म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावाची प्रार्थना, दहा पुरुष असल्याशिवाय म्हणता येत नाही. त्या दहांना मिन्यान म्हणतात. नऊ विद्वान जमले तरी नाही, दहा उल्लू जमले तर हो.

आणि त्या वर्षी उल्लूदेखील मिळत नव्हते. रॉकेटं यायला लागल्यावर अर्धी वस्ती रॉकेटच्या टप्प्याबाहेर, लोद गावी सोयऱ्यांकडे जाऊन बसली होती.

त्या संध्याकाळी हॅना आंटीच्या नवऱ्याचं, येहेझकेल अंकलचं, वर्षश्राद्ध होतं. मुलगा योसी कारखान्यातून रजा टाकून आलेला, आंटीनं पोहे आणि खजूर आणलेले, आणि माणसं नऊ. मी जिन्यात उभा राहून वाट बघत होतो. समोरच्या घरात बेझालेल राहतो, चांगला धडधाकट. पण त्याचं आणि माझं पंख्यावरून भांडण झालेलं. त्याला पंखा हवा होता, मला त्याचा खोकला नको होता. त्या भांडणाला अकरा वर्षं झालेली. त्याच्या दारावर टकटक करण्यापेक्षा मी रॉकेट परवडलं म्हणायचो.

तेवढ्यात रॉकेटचा भोंगा झाला आणि एक पोरगा जिन्यावरून गडगडत खाली आला. पांढरा शर्ट, काळी पँट, काळे बूट, गुळगुळीत दाढी, चेहरा चुन्यासारखा. येशिवातल्या, म्हणजे धर्मपाठशाळेतल्या, अमेरिकन विद्यार्थ्यांचा हाच तर गणवेष! मी लोखंडी दार लोटलं, टोपी त्याच्या डोक्यावर थापली आणि ओरडलो, "योसी, सुरू कर! दहावा आला!"

पोरगा काहीच बोलला नाही. मला वाटलं, भक्त आहे.

तो भक्त होताच, फक्त आमच्यातला नव्हता. अमेरिकेतल्या आयडाहोच्या बटाट्याच्या मुलखातून आलेला तो वीस वर्षांचा मॉर्मन. त्यांच्यात पोरं विशीला आली की दोन वर्षं परदेशी जातात आणि दारोदार फिरून आपला धर्म सांगतात. ओल्सनच्या नशिबात नेमका आमचा देश आला, जिथं त्यांच्या लोकांनी धर्म सांगणार नाही असा शब्द दिलेला. निघताना त्याच्याकडून कागदावर सही घेतली होती: सेवा करायची, म्हाताऱ्यांना जेवण वाढायचं, धर्माबद्दल चकार शब्द काढायचा नाही. कुणी विचारलं तरी नाही. काढला, तर पुढच्या विमानानं घरी.

हे सगळं त्यानं मला फार पुढं सांगितलं. त्यातलं मुख्य हे, की तो आल्या दिवसापासून घाबरलेला होता. पोस्टातल्या बाईला घाबरायचा, मांजरांना घाबरायचा, हिब्रूला घाबरायचा. सकाळी साडेसहाला उठायचा नियम होता, हा भीतीनं पाचलाच जागा. नियमाप्रमाणं जोडीनं राहायचं, तर जोडीदार अपेंडिक्स काढायला जेरुसलेमच्या इस्पितळात, आणि हा दहा दिवस एकटा. पण सगळ्यात मोठी भीती त्या विमानाची. त्याच्या गावात अडीचशे माणसांनी गाणं म्हणून त्याला निरोप दिला होता. एक पोरगा पूर्वी चार महिन्यांत परत आला होता. तो आता गावातल्या दुकानात गेला की लोक बटाटे निवडायला लागतात, त्याच्याकडे बघत नाहीत.

तर असा हा ओल्सन मिकलातमध्ये आमच्या टोपीखाली उभा. आपण कुठल्या तरी प्रार्थनेत सापडलो आहोत एवढं त्याला कळलं. "मी तुमच्यातला नाही" म्हणावं, तर पुढचा प्रश्न "मग कुणातला?" येणार. कागद डोळ्यांसमोर नाचला. सगळे वाकले की वाकला, सगळे "आमेन" म्हणाले की म्हणाला. आमेन त्याला येत होतंच.

शेवटी हॅना आंटी पडद्यामागून डोळे पुसत आली आणि चहाचा कप त्याच्यापुढं धरला.

"नो, थँक्यू," ओल्सन म्हणाला. त्यांच्यात चहा-कॉफी वर्ज्य.

"नो म्हणजे?" आंटी बॉम्बेच्या इंग्लिशमध्ये कडाडली. ती भायखळ्याला वाढलेली. "माझ्या नवऱ्याच्या वर्षाचा चहा आणि नो? पोट बिघडलंय तुझं?"

ओल्सननं पोट धरून मान हलवली. हे एक खोटं झालं. तो पोहे खाऊन पळाला.

त्याची अश्केलोनला नुकतीच बदली झालेली. दुसऱ्या दिवशी तो वृद्धांच्या केंद्रात पहिल्यांदाच कामाला गेला तर पहिल्याच टेबलावर हॅना आंटी. "हा बघा!" तिनं अख्ख्या हॉलला सांगितलं. "माझ्या येहेझकेलचा दहावा! देवानं भोंगा वाजवून पाठवला!"

त्या दिवसापासून आंटी त्याच्यासाठी चपातीत गुंडाळून लिंबाचं लोणचं आणू लागली. ओल्सन डोळ्यांत पाणी आणून खायचा. लोणचं तिखट होतंच, पण पाणी सगळं लोणच्याचं नव्हतं. केंद्रात समाजसेविका होती शिरी, आंटीचीच नात. तिला ओल्सनचे कागदपत्र माहीत होते, पण त्या दिवशी रजेवर असल्यानं मिकलातमधली भानगड ठाऊक नव्हती. त्यानं तिला अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या दहांत एखादा यहुदी नसला तर?"

"तर कद्दिश झालंच नाही," शिरी फोन बघत म्हणाली. "का?"

"काही नाही," ओल्सन म्हणाला, आणि वाढताना सूप स्वतःच्या बुटांवर ओतलं.

आता त्याला झोप येईना. सांगावं तर आपण कोण ते बाहेर पडणार, मग कागद, मग विमान, मग बटाटे. न सांगावं तर एक म्हातारी खोट्या प्रार्थनेवर समाधान मानून त्याला लोणचं भरवतेय. लोणचं संपता संपत नव्हतं.

त्यात मी केंद्रात उगवलो. "मंगळवारी संध्याकाळी ये हं! यित्झाकच्या आईचं वर्ष आहे, पुन्हा नऊच आहोत."

आंटी शेजारून म्हणाली, "येणार म्हणजे! घरचा आहे तो. घाबरतो कशाला रे, बकऱ्यासारखा?"

मंगळवारी मी मिकलातच्या दारात, आत यित्झाक, योसी धरून आठ जण, पडद्यामागं आंटी आणि शिरी. ओल्सन आला. पण जिन्याच्या वरच्या पायरीवरच थांबला.

"ये खाली," मी म्हटलं.

तो उभाच.

आणि भोंगा झाला. आमच्याकडे भोंग्यापासून रॉकेटपर्यंत तीस सेकंद मिळतात. आम्ही तोवर सरावलेलो. हा तर भोंग्यानं टेबलाखाली शिरणारा पोरगा. त्यानं जिन्याचा कठडा दोन्ही हातांनी धरला.

"अरे आत ये!" मी किंचाळलो.

"आधी सांगा मला मोजणार नाही!"

"काय?"

"मला मोजू नका! मी यहुदी नाही! मागच्या वेळीही नव्हतो!"

"मग कोण आहेस तू?" योसी आतून ओरडला.

"ते सांगता येत नाही!" ओल्सन रडकुंडीला येऊन म्हणाला. "काय नाही एवढंच सांगता येतं!"

मी तीन पायऱ्या चढलो, त्याची कॉलर धरली आणि त्याला आत ओढून दार लावलं. लांब कुठंतरी समुद्राच्या बाजूला धप्प आवाज झाला. पंखे हलले.

पडदा सरकला. हॅना आंटी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिची उंची त्याच्या खिशापर्यंत.

"म्हणजे माझ्या येहेझकेलचं कद्दिश झालंच नाही?"

ओल्सननं मान खाली घातली. "नाही. सॉरी, आंटी."

मी मनात म्हटलं, आता ही पोराला फाडणार. ती वळली माझ्याकडे.

"नाथान! तू गब्बाई आहेस की बसचा कंडक्टर? जो चढला त्याला तिकीट? विचारायला तोंड नव्हतं तुझ्या?"

"आंटी, भोंगा झालेला..."

"भोंगा त्यालापण झाला आता! तरी तो बोलला. वर उभा राहून बोलला!"

"सावता, दाय," शिरी म्हणाली. आजी, पुरे. पण आजीला पुरे होत नव्हतं.

"आता दहावा कुठून आणणार? यित्झाकची आई काय उपाशी बसणार?"

माझी नजर आपसूक वर, समोरच्या घराकडे गेली. सगळ्यांची गेली. मी घसा खाकरला आणि टोप्यांची घडी घालायला लागलो. टोप्यांची घडी होत नसते.

"कुणाला बोलवायचंय?" ओल्सननं विचारलं.

आंटीनं बोट दाखवलं. "ते हिरवं दार. बेझालेल. शिव्या देईल."

पोरगा जिना चढून गेला. नंतर त्यानं मला सांगितलं, रस्ता ओलांडताना त्याला हसू फुटलं होतं. दारं ठोठावायला म्हणून तो घरातून निघाला होता, वर्षभर एकही दार ठोठावता आलं नव्हतं, आणि पहिलं दार मिळालं ते हे. त्यानं तीनदा ठोठावलं.

बेझालेलनं शिव्या दिल्या. त्या आम्हाला खालपर्यंत ऐकू आल्या; एक-दोन मराठीत होत्या, त्या खास माझ्यासाठी. ओल्सनला हिब्रूची चाळीसेक वाक्यं येत होती, त्यातली निम्मी सूप वाढण्याची. त्यानं म्हणे एवढंच म्हटलं, "खाली नऊ आहेत. एक बाई रडतेय. बसा, गरम आहे, सावकाश."

बेझालेल बनियनवर, घरातल्या चपला फटफट वाजवत खाली आला. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं. मग उठलो आणि त्याच्या जागेवरचा पंखा लावला.

त्या संध्याकाळी कद्दिश दोनदा झालं. आधी यित्झाकनं म्हटलं, मग योसीनं, बापासाठी, पहिल्यापासून. आंटी पडद्यामागं अजिबात रडली नाही. मोठ्यानं आमेन म्हणत राहिली. ओल्सन दाराजवळ बसला होता, टोपीशिवाय, न मोजलेला. बेझालेल खोकला तेव्हा कुणी काही बोललं नाही.

चहाच्या वेळी आंटीनं त्याच्यासमोर कप न धरता पेला धरला. भिजवलेल्या मनुका कुस्करून केलेलं शरबत. आमच्यात सणाच्या प्रार्थनेला द्राक्षाची दारू लागते; कोकणात ती मिळायची नाही तेव्हा आमचे लोक हेच प्यायचे. "चहा नाय, दारू नाय, हे चालेल?" ओल्सन तीन पेले प्याला. तो काय आहे हे तिनं कधीच विचारलं नाही. शिरीला माहीत होतं, मला नंतर कळलं, पण आंटी म्हणायची, "कागदावर सही केलीये ना पोरानं? मग कशाला त्याला बोलायला लावता?"

अजून वर्षभर तो आमच्याकडे होता. जोडीदार बरा होऊन आला, मग दोघं मिळून मिकलातचे पंखे पुसायचे. बेझालेल रोज यायला लागला आणि रोज खोकायला लागला. भोंगा झाला की ओल्सन अजूनही पांढरा पडायचा, पण आता आधी केंद्रातल्या म्हाताऱ्यांच्या व्हीलचेअर आत ढकलायचा आणि मग पांढरा पडायचा.

जायच्या दिवशी मी त्याला बसस्टॉपवर सोडायला गेलो. आंटीनं लोणच्याची बरणी दिली होती, ती तो पोटाशी धरून उभा होता. बस येताना दिसली तेव्हा मला राहवलं नाही.

"ओल्सन, खरं सांग. दोन वर्षं घरदार सोडून आलास. किती माणसं देवाकडे आणलीस?"

त्यानं बरणी दुसऱ्या हातात घेतली.

"एक. तोही तुमच्या मिकलातसमोर राहणारा."