डाव्या कोपऱ्यातला गडी

वडनेर भोलजीच्या कबड्डी मंडळाचा एक नियम सरकारी कायद्यापेक्षा कडक होता. मंडळ सोडायचं तर अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, तेही आपल्या जागी दुसरा गडी उभा करून. बदली मिळाली की कप्तान मध्यरेषेवर हात धरून म्हणणार, "सुटला." मग गडी कुठंही खेळायला मोकळा. वर्षाच्या बोलीवर राबणारे सालदारही त्याच दिवशी मालक बदलत, म्हणून यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

डाव्या कोपऱ्यात खेळणारा इंद्रभान मात्र यात पुरता अडकला. महाराष्ट्र नुकताच झाला होता. खामगावच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यानं त्याला आपल्या संघात बोलावलं, सोबत बारमाही नोकरी. घरी बायको सिंधू, पाळण्यात पोर आणि कोरडवाहू जमिनीचा एवढासा तुकडा. असली संधी काय रोज येते? पण त्याच्यासारखी घोट्याची पकड तालुक्यात कुणाची नव्हती, मग बदली आणायची कुठून?

"बदली दे अन् जा. मी काऊन अडवू तुले?" कप्तान उकंडराव म्हणायचे. "पन माहा कोपरा रिकामा ठेवशीन, तर मी सोडनार नाही बे!"

अखाजीच्या आधीच उकंडराव तापानं गेले. इंद्रभान ढसाढसा रडला, ते खरंच. पण तेरावं उरकल्यावर हेही मनात आलं, की आता "सुटला" म्हणणारा नाही तसा "थांब" म्हणणाराही नाही. कुणाला न विचारता त्यानं ट्रंक उचलली आणि खामगाव गाठलं. माणूस गेला की त्याचा नियमही गेला, असं त्यानं धरून चाललं. भोळाच म्हणायचा!

दिवाळीनंतर नांदुऱ्याच्या सामन्यांत जिनिंगसमोर वडनेर आलं. वडनेरचे सहाच गडी उतरले. डावा कोपरा उघडा होता, तरी त्यांतला एकही तिकडे सरकत नव्हता. जिनिंगचे दोन भरवशाचे गडी त्या बाजूला चढाई करायला गेले आणि तिथंच आपटले. "पाय घसरला," म्हणाले. मैदान तर खडखडीत कोरडं होतं.

मग इंद्रभान गेला. "कबड्डी, कबड्डी" म्हणत त्यानं रिकाम्या कोपऱ्यात पाय टाकला आणि घोट्याला पकड बसली. ती त्यानं लगेच ओळखली, कारण ती त्याला उकंडरावांनीच शिकवली होती. खाली पाहिलं तर नुसती माती. एवढा तगडा गडी मोकळ्या जागेत कुणाशी ओढाताण करतोय, हे लोकांना कळेना.

"बदली कोन?" कानाशी आवाज आला. त्यात राग नव्हता. दमलेला होता तो आवाज.

नाव सांगितलं की पाय सुटणार, हे इंद्रभानला आपोआप कळलं. मंडळातले गडी आधीच बांधलेले. त्याच्या हक्काचा, द्यायला म्हणून एकच जीव होता, तो पाळण्यात झोपणारा. दम संपत आला. नोकरी डोळ्यांपुढे दिसत होती आणि ते नाव अगदी जिभेवर आलं.

"कोनीच नाही," तो म्हणाला. दम तुटला, पकड सुटली, पंचांनी बाद दिलं. लोक पोट धरून हसले.

दुसऱ्या दिवशी नोकरी सोडून तो वडनेरला आला. सिंधूनं कितीतरी दिवस त्याच्याशी अबोला धरला, आणि तिचं चुकलं असं कोण म्हणेल! मैदानात जाऊन तो आपल्या कोपऱ्यात उभा राहिला. माती तळपायाला ऊबदार लागली, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी.

पुढं तोच कप्तान झाला. पोरगाही बापासारखाच निघाला, आणि एका अखाजीला त्याला नागपूरच्या संघाचं बोलावणं आलं.

"बदली कोन?" मंडळानं विचारलं.

"मी हाव ना," इंद्रभान म्हणाला. "मी आहो तोवर, अन् नसलो तरी." त्यानं पोराचा हात धरला आणि सोडला.

पोराची एसटी गेल्यावर सिंधू म्हणाली, "अन् तुमाले कोन सोडवीन?"

इंद्रभान नुसता हसला. ते हसू तिला मुळीच आवडलं नाही.