सावरगावचा डफवाला

नागपूर पलीकडच्या राज्यात गेलं आणि आमचं पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिलं, त्या हिवाळ्यात गावात कलामंदिर उघडलं. पहिल्या रविवारच्या कार्यक्रमाचा फलक मी लिहिला. आधी लोकगीतं, मग डफ कसा मढवतात ते कारागीर स्वतः सांगणार. सगळे त्याला सावरगावचा डफवालाच म्हणत. आजवर तो फक्त मयतीपुढे वाजवत आला होता.

आदल्या दिवशी तो अंगणात गवत पेटवून, कातडं ताणलं जावं म्हणून डफ शेकत बसला होता. त्याची बायको नुकतीच गेल्याचं मला कळलं होतं.

“राहू द्या, पुन्हा कधी या,” मी म्हणालो.

“खांदा द्याले तीनच जण आले, गुरुजी. चौथा मी. मंग तिच्यापुढं डफ कोन वाजवनार?”

रविवारी तो कातड्याविषयी एक शब्द बोलला नाही. त्याने सरळ मयतीचा ठेका धरला. लोक चपापले, अशुभ अशुभ म्हणत उठून गेले. गाणारेही पेटी उचलून निघाले. मी जवळ जाऊन म्हणालो, “आता थांबा.”

त्याने मान वर केली नाही.

“वाजवून राहिलो न, गुरुजी. मसन अजून दूर हाये.”

मी रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं आणि मयतीत उभं राहावं तसा त्याच्या मागे उभा राहिलो.